लॉन्सची व्हर्च्युअल टूर : आप्पांना पटवू, की पटवूच नको?

गिरणाकाठ | रविवार, सकाळी १०:१५

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

चाळीसगाव-भडगाव रस्त्यावर आमचं लॉन्स आहे. आप्पांनी मोसंबीची बाग मोडून बांधलं (मोसंबीचा विषय घरात अजून कुणी काढत नाही). स्टेज, जेवणाचं शेड, दोन्ही पक्षांच्या खोल्या, मागे गाड्या लावायला मोकळं रान. चालतं बरं. पण त्याच रस्त्यावर आणखी चार लॉन्स उभी राहिलीत आणि तिथी सगळ्यांना त्याच.

मागच्या आठवड्यात एक जण आला आणि '३६० अंशांची व्हर्च्युअल टूर' करून देतो म्हणाला. बारा ठिकाणी कॅमेरा लावणार, लोक मोबाईलवर बोट फिरवत गेटपासून स्टेजपर्यंत जाणार, गुगल मॅपवरही दिसणार. ३८ हजार रुपये, आणि दुसऱ्या वर्षापासून दर वर्षी ९ हजार. मी पुण्यात बसून 'हो' म्हणायच्या बेतात होतो. आप्पा म्हणाले, "एवढ्यात दोन्ही जनरेटर नीट होतील. आणि ज्याला बघायचंय त्याला पेट्रोल परवडतं."

तर प्रश्न असा की याने खरंच तारखा भरतात का? ते वर्षाचे ९ हजार नेमके कशाचे? आणि मी स्वतः कॅमेरा घेऊन केलं तर किती वाईट होईल?

जंक्शन_भुसावळ | रविवार, १०:३२

पहिला! चहा ठेवतो.

केळीवाला_रावेर | रविवार, १०:५०

आप्पांना माझा नमस्कार सांगा. जनरेटरवाला मुद्दा बिनतोड आहे. भर लग्नात लाईट गेली तर पाहुणे मोबाईलवर टूर बघत जेवणार का?

मास्तर_निवृत्त | रविवार, ११:२०

भो, आठे लगीनना हॉल देखाले मानसे भरीन गाडी येतस. मोबाईलमा देखीसन कोन बुक करी? मंग चहा कोन पिई?

गंमत सोडा. हॉल बघायला जाणं हा आपल्याकडे लग्नातलाच एक कार्यक्रम आहे. आत्या, मामा, मोठे काका यांना गाडीत घालून न्यावं लागतं, नाहीतर 'आम्हाले इचारं नही' म्हणून मांडवात तोंड फुगलेलं असतं. तुमच्या टूरमध्ये आत्याबाईंचा मान कुठे बसतो?

उधना_सुरत | रविवार, १२:०५

मास्तर, बुक करणारा मी आहे. सुरतेत आमचे खान्देशी लोक किती आहेत ते सांगायला नको. मुलीचं लग्न गावाकडे करायचं ठरलं. हॉल बघायला जायचं म्हणजे दिवसभराची रोजी बुडवून ताप्ती लाईनने नंदुरबार, दोंडाईचा करत या, एसटी धरा आणि रात्री परत. तीन हॉल बघायला तीन रविवार गेले. चौथ्याची अशी टूर होती. घरातल्यांनी मोबाईल टीव्हीला जोडून बघितली. बायकोने नवरीची खोली बघितली, मी गाड्यांची जागा बघितली, आईने 'संडास कुठे आहे' ते विचारलं. तो टूरमध्ये नव्हताच, फोन करून विचारावा लागला.

मग एकदाच गेलो आणि बयाणा देऊन आलो. म्हणजे मोबाईलवर बघून बुक केला असं नाही, पण बाकीचे दोन हॉल बघायला जायची पाळी आली नाही.

खापरावरची | रविवार, १२:४०

'आईने संडास विचारला' ला शंभर टक्के अनुमोदन. गिरणाकाठ, बारा जागांत एक तरी तिकडे असू द्या. बायकांच्या खोलीत आरसा आणि कडी आहे का तेही दिसू द्या. स्टेज काय, सगळीकडचं सारखंच असतं.

तिपाई | रविवार, दुपारी २:१०

जळगावात हाच धंदा करतो. तेव्हा माझा फायदा वजा करून वाचा.

काम दोन तऱ्हांनी होतं. एक, पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंगांचा हातात मावणारा कॅमेरा : रिको थीटा, इन्स्टा३६० वगैरे. प्रत्येक भिंग अर्ध्या जगापेक्षा थोडं जास्तच बघतं आणि सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं काठाला शिवतं. एका क्लिकमध्ये काम. पण शिवण दिसायची ती दिसतेच. शिवणीच्या रेषेवर हातभर अंतरात खांब आला, तर तो मध्येच तुटून अर्धा बोट सरकतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे डीएसएलआर, फिशआय (खूप रुंद बघणारी) लेन्स, तिपाई आणि तिच्यावर पॅनो हेड. साठ-साठ अंश फिरवत सहा फोटो, एक वर आकाशाचा, एक खाली जमिनीचा. शेडमध्ये अंधार आणि बाहेर ऊन, म्हणून प्रत्येक फोटो तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचा, म्हणजे कमी-जास्त उजेड घेऊन तीनदा. आठ त्रिक चोवीस. बारा जागा म्हटल्या की २८८ फोटो. ते घरी येऊन शिवायचे, तिपाईचे पाय पुसायचे, मग एकमेकांना बाण जोडायचे. लोकांना वाटतं माणूस दोन तासांत कॅमेरा फिरवून गेला. त्याचे पुढचे दोन-तीन दिवस संगणकासमोर जातात.

पॅनो हेड कशाला लागतं ते घरीच बघा. एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्या मागे खिडकीचा गज आणा. आता नुसती मान फिरवा. अंगठा गजावरून सरकेल, कारण मान मणक्यावर फिरते, डोळ्यावर नाही. साध्या तिपाईवर कॅमेऱ्याचंही तसंच होतं. उजेड लेन्समध्ये जिथून शिरतो असं वाटतं, बरोबर त्या बिंदूभोवती कॅमेरा फिरला तरच जवळचा खांब आणि लांबची भिंत जुळते. पॅनो हेड एवढंच करतं, पण ते नसेल तर तुमच्या शेडच्या खांबांची माळ तुटलेली दिसणार.

स्वतः करणार असाल तर दोन भिंगांचा घ्या, मोकळ्या लॉन्ससाठी चालेल. नववधूच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याची परीक्षा होते.

९ हजारांचं रात्री लिहितो, आत्ता शेंदुर्णीला कामावर निघालोय.

जंक्शन_भुसावळ | रविवार, २:२५

सगळे एक डोळा मिटून अंगठा बघताहेत असं चित्र डोळ्यासमोर आलं. आमच्या ऑफिसात तीन जण करताहेत. साहेब विचारताहेत, काय झालं.

सुपारी_फुटली | रविवार, ३:००

मला या टूरचा रागच आहे. मागच्या वर्षी बाहेरगावी एका हॉटेलात पाहुण्यांसाठी खोल्या घेतल्या. टूरमध्ये खोली अशी की दोन पलंग टाकून मध्ये गरबा खेळावा. प्रत्यक्षात पलंगाच्या कडेने तिरपं चालावं लागत होतं. माझ्या सासऱ्यांनी दार उघडून आत बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हा नमुना आहे की खोली पुढे आहे?"

तिपाई | रविवार, रात्री ९:३०

ताई, खरं आहे. रुंद भिंगात जवळचं मोठं आणि लांबचं आणखी लांब दिसतं, त्यात कॅमेरा खाली लावला की खोली ऐसपैस होते. मी तिपाई डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर लावतो. बघणाऱ्याला उपाय एकच : दार, पंखा, स्विचबोर्ड अशा ओळखीच्या मापाच्या वस्तूवरून अंदाज बांधायचा. भिंतीच्या रंगावर जायचं नाही.

आता ते ९ हजार. टूर कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवावी लागते, तिचं भाडं. बहुतेक जण कुला, मॅटरपोर्टसारख्या ठिकाणी ठेवतात आणि वर आपला नफा चढवतात. नफा चढवायला हरकत नाही, पण हप्ता चुकला की टूर बंद. म्हणून पहिली अट ही घाला : प्रत्येक जागेची शिवलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर आमच्या हातात. तिला इक्विरेक्टँग्युलर म्हणतात. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असते, पृथ्वीचा गोळा कागदावर पसरावा तशी. ती हातात असली की टूर कुठेही पुन्हा उभी करता येते. ती द्यायला जो कां-कूं करतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि गुगल मॅपवर फोटो चढवायचे गुगल कुणाकडूनही पैसे घेत नाही. फोटोग्राफर मेहनतीचे घेतो, ते रास्त आहे. पण 'आम्ही गुगलकडून आलोय' म्हणत जो येतो, त्याचं पुढचं ऐकूच नका. गुगल असे फोटोग्राफर नोकरीला ठेवत नाही.

केळीवाला_रावेर | रविवार, ९:४८

अरे देवा. आमच्या पॅकहाउसला 'गुगलकडून' आलेला एक जण १५ हजार घेऊन गेला. चार फोटो टाकले, त्यातला एक शेजाऱ्याच्या गोठ्याचा. फोन बंद. आमच्या केळीच्या शेडवर गिऱ्हाईकाने बोट लावलं की म्हैस दिसायची.

जंक्शन_भुसावळ | रविवार, ९:५५

जोडधंदा!

कोडगा | रविवार, १०:२०

तिपाई यांच्या फाइलवाल्या मुद्द्याला इतिहास जोडतो.

पूर्वी टूर फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनायच्या (कॅमेऱ्याचा फ्लॅश नव्हे). ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश गेलं आणि त्या सगळ्या टूर गेल्या. टूर बनवायला कोलर नावाच्या कंपनीचं पॅनोटूर बरेच व्यावसायिक वापरत. २०१५ मध्ये गोप्रोने कंपनी विकत घेतली, २०१८ मध्ये बंद केली. गुगलचं टूर क्रिएटर २०२१ मध्ये बंद. स्ट्रीट व्ह्यूचं वेगळं अॅप, ज्यातून कुणीही फोनने गोल फोटो काढू शकायचा, तेही मार्च २०२३ मध्ये बंद.

म्हणून आपली फाइल आपल्या घरात. टूर वेबसाईटवर दाखवणारी पॅनेलम आणि मार्झिपानो ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि खुली आहेत, फोटो शिवायला हगिनही फुकट. लॉन्सची साधी वेबसाईट असेल तर तिच्यातच टूर बसते, वर्षाला डोमेन-होस्टिंगचा जो खर्च असेल तेवढाच. वाटल्यास पुण्यात भेटा, बसवून देतो. मोबदला : वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी.

खापरावरची | रविवार, १०:४१

कुठलं वांगं ते आधी ठरवा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पुण्याच्या मंडईतलं काळं वांगं भाजून वर शेंगदाण्याचा कूट घालणार असाल तर मी या धाग्यातून निघते.

सुपारी_फुटली | रविवार, १०:४४

भरितात कूट?? कोण घालतं?

कोडगा | रविवार, १०:५०

(गप्प बसतो. सासुरवाडी साताऱ्याची आहे.)

*[यापुढचे एकवीस प्रतिसाद काड्यांवर भाजावं की गॅसवर, यावर आहेत. ते पाककृती विभागात हलवले आहेत. – व्यवस्थापक]*

पाटणादेवीचा_भटक्या | सोमवार, सकाळी ८:१५

विषयाजवळचंच विचारतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसराचा आणि वर चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांचा असा फेरफटका बनवायची फार इच्छा आहे. भास्कराचार्यांच्या नावाने लोक येतात, देवीचं दर्शन घेतात आणि परत जातात. आजूबाजूला काय आहे ते कुणाला दिसतच नाही. काय काय लागेल?

तिपाई | सोमवार, ९:००

पितळखोरा पुरातत्त्व खात्याकडे आहे. हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, तिपाई उघडली की परवानगीचा कागद मागतात. अजिंठ्यात तर फ्लॅशलाही बंदी. अर्ज आधी करा. आणि पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येतं, म्हणून ड्रोनचा विचार वनखात्याला विचारल्याशिवाय डोक्यात आणू नका.

मास्तर_निवृत्त | सोमवार, ९:४०

हे मला आवडलं. लॉन्स कसले दाखवता! चांगदेवचं मंदिर दाखवा, पारोळ्याचा किल्ला दाखवा, आमच्या धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ दाखवा. जुलै २०२२ मध्ये गुगलने भारतात रस्त्यावरून फिरता येणारे फोटो सुरू केले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं, अहमदनगर होतं. खान्देशातलं एकही नव्हतं. गाडी चांदवडच्या घाटातून मागे वळली की काय कोण जाणे.

जंक्शन_भुसावळ | सोमवार, ९:५२

मास्तर, मे महिन्यात आली असेल. कॅमेरा म्हणाला असेल, 'मी इथेच थांबतो.' ही थट्टा नाही, माझा छोटा कॅमेरा अकरा वाजताच्या उन्हात 'तापमान जास्त' म्हणून बंद पडला होता. ओल्या पंच्यात गुंडाळून सावलीत ठेवला, शुद्धीवर आला.

खापरावरची | सोमवार, रात्री १०:३०

काल भरितावरून धागा पळवला, त्याचं प्रायश्चित्त म्हणून एक अनुभव लिहिते.

अमळनेर तालुक्यात आमचा वाडा होता. चार काकांत वाटण्या झाल्या आणि उन्हाळ्यानंतर पाडायचं ठरलं. चुलतभावाचा एक मित्र हे गोल फोटो काढायचा. भाऊ त्याला घेऊन आला. चौक, ओसरी, माजघर, माळ्याचा जिना, सगळं त्याने तिपाई लावून काढलं.

नेमकी त्याच दिवशी आजीची बिबडी (ज्वारीचे पापड) होती. चौकात दोन खाटा आडव्या, त्यांवर ओली धोतरं आणि चुलीवर घाट्याचं (शिजवलेल्या पिठाचं) पातेलं. फोटोवाला म्हणाला, "आजी, पाच मिनिटं एका जागी बसा." आजी म्हणाली, "घाटा कडक व्हयी जाई, तू बसी देखाडशी का?" आणि ती हिंडत राहिली. तो कॅमेरा फिरवतोय आणि त्याच्याबरोबर आजीही फिरतेय.

शिवून झाल्यावर चौकाच्या त्या एका फोटोत आजी तीनदा आली. चुलीपाशी वाकलेली, खाटेजवळ पाठमोरी आणि तुळशीपाशी नुसतं लुगडं आणि हात, डोकं शिवणीत गेलेलं. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. म्हणाला, एकच आजी ठेवून बाकी पुसता येतात, दहा मिनिटांचं काम आहे. मोठ्या काकांनी फोटो गोल गोल फिरवून बघितला आणि म्हणाले, "राहू दे. ती तशीच असते."

वाडा गेला. आजीही पुढच्या पावसाळ्यात गेली. फाइल आम्हा तेरा भावंडांकडे आहे.

उधना_सुरत | सोमवार, १०:५८

ताई.

सुपारी_फुटली | सोमवार, ११:०५

काल म्हटलं होतं मला या टूरचा राग आहे. हॉटेलवाल्यांचा आहे असं वाचावं.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७:००

घाटा कडक व्हयी जाई. खरी गोष्ट.

केळीवाला_रावेर | मंगळवार, ११:३०

मॅटरपोर्टचं काय मग? एकाने ते सुचवलंय, घर बाहुलीच्या घरासारखं वरून दिसतं म्हणे.

तिपाई | मंगळवार, दुपारी १:१५

फ्लॅट, बंगला, शोरूमला झकास. त्याचा कॅमेरा अंतरंही मोजतो, म्हणून तसं वरून दिसणारं मॉडेल बनतं. जुना प्रो२ अवरक्त किरणांवर चालतो, त्यामुळे कडक उन्हात आंधळा. २०२२ मध्ये आलेला प्रो३ लेझरने मोजतो, तो बाहेरही चालतो. पण मॉडेल त्यांच्या सर्व्हरवर आणि भाडं चालू. परदेशी खरेदीदाराला पॅकहाउस दाखवायचं असेल तर विचार करा. लॉन्सला छतच नाही, वरून काय बघणार?

गिरणाकाठ | साडेसहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी ओसरली, आता सांगतो.

पहिल्या माणसाला मूळ फाइल मागितल्या. तो म्हणाला, "त्या कंपनीच्या असतात." चहा पाजला. मग याच धाग्यातल्या एका सभासदाने काम केलं, नाव सांगत नाही, कशावर उभा असतो ते तुम्हाला माहीत आहे. बाराऐवजी आठ जागा घेतल्या. दिवेलागणीला काढलं, आकाशात थोडा निळा उजेड असताना आणि लॉन्सचे दिवे लागलेले असताना. त्यामुळे आतलं आणि बाहेरचं दोन्ही नीट आलं. बायकांच्या खोलीतला आरसा फार छळत होता. फोटोवाला दाराबाहेर लपून फोनवरून बटण दाबत होता तरी तिपाई आरशात दिसायचीच, ती नंतर पुसली. स्वच्छतागृहाचं दार, कडी, पाण्याची टाकी सगळं आहे. सुरतच्या आजींना कळवा.

कोडगा यांनी वेबसाईटमध्ये बसवून दिलं. वर्षाचे ९ हजार वाचले. भरीत खिलवलं, बिनकुटाचं.

आप्पांनी पहिल्याच दिवशी लिंक सोडून मूळ फोटोच व्हॉट्सअॅपवर सगळ्या पाहुण्यांना पाठवला. तिथे फोटो दाबला जातो आणि 'हा गोल आहे' ही त्याच्यातली खूण पुसली जाते. लोकांना लांबट, वाकलेलं चित्र दिसलं. धरणगावच्या मामांचा फोन आला, "आप्पा, स्टेज वाकलं का हो?" आता लिंक पाठवायला शिकलेत आणि रोज सकाळी सुप्रभातच्या जागी तीच जाते.

तारखा? टूरमुळेच आली असं छातीठोक म्हणावं अशी एकही नाही. पण बघायला येणारे आता थेट म्हणतात, "मागच्या रानात गाड्या किती बसतील ते दाखवा." स्टेज बघतसुद्धा नाहीत. कोडगा म्हणतात, गाड्यांच्या जागेचाच फोटो सर्वांत जास्त उघडला जातो. आप्पा त्यावर खूश आहेत, कारण ते सपाटीकरण त्यांनी माझ्याशी भांडून करून घेतलं होतं.

एक सांगायचं राहिलं. आठवी जागा माझ्या यादीत नव्हती. मी पुण्यात होतो तेव्हा आप्पांनी तिपाई उचलून विहिरीमागे न्यायला लावली. तिथे बागेतलं शेवटचं मोसंबीचं झाड आहे. लग्नाशी काही संबंध नाही, टूरमध्ये तिकडे जाणारा बाणही मी आधी काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन : "तो विहिरीकडचा रस्ता बंद का केला?"

परत लावलाय.

जंक्शन_भुसावळ | शनिवार, १०:२२

आत्ता जाऊन आलो. फळं लागलीत की! तोडायला बाण कुठे दाबायचा?